जिनिव्हातली उमेदवारी

१९२० च्या जून महिन्यात जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघाची परिषद भरली. हा संघ १९०४ मध्ये बर्लिनला स्थापन झाला. १९१३ च्या बुडापेस्टच्या बैठकीनंतर त्याची परिषद भरलीच नव्हती, कारण मधली वर्षं महायुद्धाने खाल्ली होती. ज्यांचे भाऊ आणि नवरे एकमेकांवर गोळ्या झाडत होते अशा देशांच्या प्रतिनिधी तिथे एका सभागृहात बसल्या. हिंदुस्थानातून सरोजिनी नायडू गेल्या होत्या. त्यांच्यासोबत तेविसावं सरत आलेली एक विद्यार्थिनी होती. १९१८ साली बडोदे कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली ही मुलगी १९१९ पासून इंग्लंडमध्ये पत्रकारिता आणि समाजशास्त्र शिकत होती. तिचे वडील मनुभाई मेहता बडोदे संस्थानचे दिवाण. तिचं नाव हंसा.

तिला भाषण करायचं नव्हतं. बाईंच्या सोबत राहायचं, ऐकायचं, कोण काय मागतं आणि कोण कशाला अडतं हे पाहायचं. आज अशा मुलीच्या हातात गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आलं असतं आणि त्यावर ‘इंटर्न’ लिहिलं असतं. पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षांनी हीच मुलगी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताची सदस्य म्हणून बसली आणि जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमावर हरकत घेऊन ते बदलण्यात तिने मोठा वाटा उचलला. त्या हरकतीबद्दल अलीकडे पुष्कळ लिहिलं जातं. जिनिव्हातल्या त्या उमेदवारीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते गोष्टीचा गाभा तिथेच आहे. जगाच्या टेबलाशी बसून आपलं म्हणणं मसुद्यात उतरवण्याचं कसब कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ते आधी कुणाच्या तरी मागच्या खुर्चीवर बसून शिकावं लागतं. त्या खुर्चीपर्यंत पोचायला भाडं लागतं, आणि तिथे पोचल्यावर उघडायला घरची शिदोरी लागते. बडोद्याने एके काळी दोन्हींची सोय केली होती.

शिदोरीपासून सुरुवात करू. हंसाबेन ज्या शहरात वाढल्या तिथे बायकांचे प्रश्न हा नुसता व्याख्यानांचा विषय नव्हता, तो राज्यकारभाराचा विषय होता. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला, मुलग्यांबरोबर मुलींनाही. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १९०२ चा, बालविवाह रोखणारा १९०४ चा. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ मध्ये आला, म्हणजे बडोद्यानंतर पाव शतकाने. हिंदू स्त्रीला घटस्फोट मागता येईल असा कायदा बडोद्यात १९३१ मध्ये झाला.

हे कायदे झाले म्हणजे काम फत्ते झालं असं मात्र नाही. बालविवाहाच्या कायद्यात दंडाची तरतूद होती, तर लोक दंड भरत आणि लग्न उरकून टाकत. मांडवाच्या आणि जेवणावळीच्या खर्चात आणखी एक रक्कम धरायची, इतकंच. हे बडोद्याच्या प्रशासनाला ठाऊक होतं आणि दिवाणाच्या घरात वाढणाऱ्या मुलीच्याही कानांवर येत असणार. चांगला मजकूर आणि त्याचा अंमल यांत किती अंतर असतं, हे जिच्या गावातच दिसतं तिला परदेशातल्या गोड ठरावांची भुरळ पडत नाही. शब्द असा हवा की त्यातून पळवाट निघू नये, हा हट्ट तिच्यात मुरतो.

मराठी वाचकाला जवळचं असं दुसरं नाव राजवाड्यातलं. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) देवासच्या घाटगे घराण्यातल्या, लग्न १८८५ चं. सयाजीरावांबरोबर युरोप-अमेरिकेचे प्रवास त्यांनी केले आणि तिथे बायका काय काय काम करतात हे बारकाईने पाहिलं. १९११ मध्ये एस. एम. मित्र यांच्याबरोबर त्यांनी भारतीय जीवनातील स्त्रियांच्या स्थानावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पाश्चात्त्य बायका कोणकोणत्या व्यवसायांत आहेत आणि त्यांतलं आपल्याकडे काय रुजेल, असा त्याचा रोख आहे. प्रवासवर्णन लिहिणं सोपं होतं. त्यांनी कामाची यादी लिहिली. १९१४ च्या सुमारास त्यांनी पडदा सोडला, बडोद्यात स्त्री उद्योगालय उभं राहिलं, आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं तेव्हा अध्यक्षपदी त्याच होत्या. हंसाबेन पुढे याच परिषदेच्या अध्यक्ष झाल्या.

आता भाड्याकडे. हंसाबेनचे वडील दिवाण होते, तेव्हा त्यांना लंडनला पोचायला अडचण आली नाही. हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्यांच्या कर्तृत्वात यामुळे काही उणं येत नाही, पण त्याच वयाच्या, तितक्याच हुशार किती मुली बडोद्याच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, कोठी भागात घरात बसल्या असतील याचा विचार हे नाव घेताना मनात यायला हवा. हंसाबेनसारख्याच एका मुंबईकर विद्यार्थिनीचं उदाहरण द्यायचं तर मिठन टाटा. १९१९ मध्ये आई हेराबाईंबरोबर ती लंडनला गेली ती भारतीय बायकांना मताधिकार मिळावा म्हणून साक्ष द्यायला. तिथेच राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकली, १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली. तिच्याही मागे घरची ऐपत होती.

ज्याच्या मागे ऐपत नव्हती असा एक विद्यार्थी मात्र बडोद्याच्याच पैशावर न्यूयॉर्कला गेला होता. १९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने जातीच्या उगमावर निबंध वाचला. तो निबंध जातीवरचा म्हणून आपण वाचतो, पण त्याचा कणा स्त्रीप्रश्नाचा आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे त्यांचं सूत्र. तसं करायचं तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जातीत सारख्या संख्येने राहिले पाहिजेत. नवरा मेला की बाई ‘जादा’ ठरते. ती जातीबाहेर लग्न करील ही भीती. मग तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचं. बायको मेली तर पुरुष ‘जादा’ होतो, पण त्याला जाळता येत नाही आणि संन्यासही परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलींमधून बायको आणायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली एकाच यंत्राचे भाग आहेत, हे त्यांनी जवळजवळ गणितासारखं मांडून दाखवलं. बायकांवर ताबा नसेल तर जात उभी राहत नाही. ‘जेंडर’ हा शब्द विद्यापीठांत रुळायच्या कितीतरी आधी एका शिष्यवृत्तीधारकाने हे न्यूयॉर्कमध्ये सांगितलं होतं.

आणि हेच आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढलं गेलं. कमाटीबागेतल्या झाडाखाली त्यांनी डोळे पुसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बडोद्याचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात हा परिच्छेद असलाच पाहिजे असं मला वाटतं. शिष्यवृत्तीने माणूस जगभर जातो, परत आल्यावर त्याला घर देण्याची तयारी गावाची असावी लागते.

हंसाबेनच्या पुढच्या वर्षांचा वेग मोठा आहे. १९२४ मध्ये डॉ. जीवराज मेहतांशी जातीबाहेरचं लग्न, मीठ सत्याग्रहाच्या काळात मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांवर निदर्शनं, तुरुंगवास, १९३७ नंतर मुंबई विधान परिषद. मुलांसाठी गुजरातीत पुस्तकं लिहिली, शेक्सपिअर गुजरातीत आणला. १९४६ मध्ये त्या महिला परिषदेच्या अध्यक्ष असताना भारतीय स्त्रियांच्या हक्क आणि कर्तव्यांची सनद तयार झाली. त्या सनदेत शिक्षण, समान वेतन, मालमत्तेत वाटा, विवाहाच्या कायद्यात समानता हे सगळं आहे. मला तिच्यातला सर्वांत धीट भाग वाटतो तो गृहिणीबद्दलचा. घरात राबणाऱ्या बाईचा नवऱ्याच्या मिळकतीत हक्काचा वाटा असावा, आणि तिला न विचारता त्याने सगळी मिळकत उधळू नये. १९४६ साली ही मागणी लिहून काढणं सोपं नव्हतं. ज्यांना आज ती किरकोळ वाटते त्यांनी आपल्याच घरातल्या बँकेच्या पासबुकावर कुणाचं नाव आहे ते पाहावं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीची संयुक्त राष्ट्रांची उपसमिती बसली. अध्यक्ष डेन्मार्कच्या बोडिल बेगट्रुप. हंसाबेननी तिथे भारताचं प्रतिनिधित्व केलं. बायकांचा विषय मानवी हक्क आयोगाच्या पोटात एक उपसमिती म्हणून राहावा की त्याला स्वतंत्र आयोग हवा, हा तिथला कळीचा वाद. बायकांचं म्हणणं टिकलं आणि जून १९४६ मध्ये पूर्ण आयोग मंजूर झाला. फेब्रुवारी १९४७ मध्ये लेक सक्सेस इथे त्याची पहिली बैठक झाली. पंधरा देशांच्या पंधरा प्रतिनिधी, सगळ्या बायका. त्यांत भारताच्या होत्या बेगम शरीफा हमीद अली, आणि त्याही जन्माने बडोद्याच्याच. वडील अब्बास तय्यबजी बडोद्याचे न्यायमूर्ती, पुढे दांडीनंतर गांधीजींच्या अटकेवर सत्याग्रहाचं नेतृत्व हाती घेणारे. शरीफा बेगम १९४० मध्ये महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. मुस्लिम स्त्रीला संरक्षण देणारा नमुना निकाहनामा तयार करण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. जगातल्या स्त्रियांच्या हक्कांची यंत्रणा उभी राहत होती त्या दोन-तीन वर्षांत तिथे भारताच्या वतीने बोलणाऱ्या या दोघी एकाच शहराच्या संस्कारात वाढल्या होत्या. एक नागर ब्राह्मण दिवाणाची मुलगी, एक मुस्लिम न्यायमूर्तींची. शरीफा बेगमांचं नाव आज त्यांच्या गावातही क्वचितच कुणी घेतं, याची मला खंत वाटते.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचा प्रसंग थोडक्यात सांगतो. मसुद्यात सर्व ‘मेन’ जन्मतः स्वतंत्र आणि समान, असं होतं. एलिनॉर रूझवेल्ट अध्यक्षस्थानी होत्या, आणि या शब्दात बायका धरलेल्याच असतात असं त्यांचं मत होतं. हंसाबेनचं म्हणणं असं की काही देश हा शब्द अक्षरशः घेतील आणि बायकांना वगळतील. बालविवाहाच्या दंडाचं बडोद्यात काय झालं हे आठवलं की ही भीती कुठून आली ते कळतं. शेवटी ‘सर्व मानव’ या अर्थाचा शब्द आला. स्त्रियांच्या आयोगाचा रेटा होता, इतर देशांच्या बायकाही झगडल्या. लग्नातल्या समान हक्कांच्या कलमासाठी पुढे पाकिस्तानच्या शाइस्ता इकरामुल्ला आग्रहाने बोलल्या. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ विरुद्ध शून्य अशा मतांनी जाहीरनामा संमत झाला, आठ देश तटस्थ राहिले.

आणि मग हंसाबेन बडोद्याला परतल्या. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, त्याच्या त्या पहिल्या कुलगुरू. त्याआधी मुंबईत कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचं कुलगुरूपद त्यांनी सांभाळलं होतं, पण मुलं-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाची धुरा वाहणारी देशातली पहिली बाई त्याच. १९५८ पर्यंत त्या तिथे होत्या. त्यांनी काय उभं केलं ते पाहण्यासारखं आहे: ललित कला, गृहविज्ञान आणि समाजकार्य. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आठवड्यातले काही दिवस वर्गाबाहेर जायचं, वस्तीत, दवाखान्यात, न्यायालयात, आणि परत येऊन अहवाल लिहायचा, तो मार्गदर्शकाने तपासायचा, ही पद्धत रुजली. जिनिव्हात जे आपल्याला मिळालं ते मुलींना इथेच मिळावं, असं त्यांच्या मनात होतं की नाही हे मी सांगू शकत नाही. काम मात्र त्याच जातीचं आहे. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे.

आजची बडोद्याची विद्यार्थिनी ज्या गावात शिकते तिथे ही परंपरा कागदावरच राहिलेली नाही. ‘सहियर’ ही स्त्री संघटना १९८४ पासून काम करते आहे. तिच्या उभारणीत तृप्ती शाह यांचा मोठा वाटा होता. अर्थशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या तृप्तीबेन विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास संशोधन केंद्रात शिकवत. २००२ च्या दंग्यानंतरच्या कठीण काळातही त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या, २०१६ मध्ये गेल्या. ‘सहज’ ही आरोग्याच्या प्रश्नावर काम करणारी संस्थाही १९८४ चीच, आणि ‘इक्वल मेझर्स २०३०’ या आंतरराष्ट्रीय आघाडीची ती भारतातली भागीदार. या आघाडीने २०१९ मध्ये १२९ देशांचा लिंगसमानता निर्देशांक काढला, त्यात भारत ९५ वा होता. असा आकडा वर्तमानपत्रात एका ओळीत येतो. त्याच्या मुळाशी मात्र कुठल्या तरी वस्तीत, अंगणवाडीच्या ओट्यावर बसून प्रश्नावली भरणारी मुलगी असते. गरोदरपणात शेवटची तपासणी कधी झाली, दवाखान्यात नेणारं कोण होतं, पैसे कुणी काढून दिले, हे ती विचारते, आणि सासू शेजारी बसलेली असल्यामुळे सून उत्तर देत नाही हेही तिला नोंदवावं लागतं. प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नसतो. चांगला मार्गदर्शक ती नोंद समासात लिहून घ्यायला शिकवतो. आंतरराष्ट्रीय कामाची खरी इंटर्नशिप ती, मग पत्ता न्यूयॉर्कचा असो की बडोद्यातल्या तरसालीचा.

न्यूयॉर्कचं कामही समजून घेतलं पाहिजे, कारण त्याबद्दल आपल्या मुलींच्या मनात एकतर फार मोठं चित्र असतं किंवा काहीच नसतं. ‘यूएन विमेन’ ही संस्था २०१० मध्ये चार जुन्या विभागांना एकत्र करून झाली. स्त्रियांच्या दर्जाविषयीचा आयोग, शरीफा बेगम जिथे पहिल्या बैठकीला होत्या तोच, दर वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला बसतो. तिथे एक निष्कर्षपत्र ठरवायचं असतं. ज्या शब्दांवर देशांचं एकमत नसतं ते शब्द चौकोनी कंसात टाकतात आणि मग रात्री उशिरापर्यंत घासाघीस चालते. घरातल्या बिनपगारी कामाला ‘काम’ म्हणायचं की ‘जबाबदारी’, लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचा उल्लेख ठेवायचा की नाही, कुटुंब एकवचनी की अनेकवचनी. इंटर्न मागच्या रांगेत बसून कुठल्या देशाने कुठल्या शब्दावर बोट ठेवलं ते टिपते, सकाळपर्यंत तक्ता तयार करते. कंटाळवाणं वाटेल असं हे काम आहे. पण त्या तक्त्यावरून कळतं की धर्माच्या, परंपरेच्या नावाने कोण कुठली वाट अडवतं आणि कुणाशी कुणाचं साटंलोटं आहे. हंसाबेननी जिनिव्हात हेच पाहिलं असणार.

न्यूयॉर्कला ठरलेला कागद परत आपल्याकडे येतो, आणि हा भाग विद्यार्थिनींना आवर्जून सांगावा लागतो. स्त्रियांवरील भेदभाव निर्मूलनाचा करार संयुक्त राष्ट्रांत १९७९ मध्ये झाला, भारताने तो १९९३ मध्ये पक्का केला. राजस्थानातल्या भंवरी देवी बालविवाह थांबवण्याचं सरकारी काम करत होत्या, त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये याच कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातून २०१३ चा कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी कॉलेजांच्या तक्रार समितीत विद्यार्थी प्रतिनिधी आले. म्हणजे न्यूयॉर्कला कंसातून सुटलेला एखादा शब्द वीस-तीस वर्षांनी बडोद्याच्या किंवा कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मुलीच्या तक्रार अर्जाचा आधार होतो.

आता पुन्हा भाडं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, खोली सगळं उमेदवाराने पाहायचं. २०१५ मध्ये जिनिव्हात एक इंटर्न तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली, तेव्हा या प्रथेवर बरीच टीका झाली. यूएन विमेन काही मानधन देते, पण ते राहण्याखाण्याचा थोडासा भार उचलण्यापुरतं. मॅनहॅटनमधल्या एका खोलीचं भाडं बडोद्यातल्या मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या मिळकतीला गिळून टाकतं. परिणाम काय होतो? मागच्या रांगेतल्या त्या खुर्च्यांवर श्रीमंत देशांतली किंवा आपल्याकडची श्रीमंत घरांतली मुलं बसतात. बायकांच्या समानतेचा मसुदा ज्या सभागृहात टिपला जातो तिथे अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेली मुलगी पोचत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि नुकसानीचंही. सासू शेजारी असताना सून गप्प राहते हे जिला माहीत आहे, तिनेच तो तक्ता करायला हवा.

सयाजीरावांनी एका विद्यार्थ्याला महिना साडेअकरा पौंड दिले, ते कुठल्या तरी समितीने त्याचा अहवाल मागवण्याआधी. तेवढ्याच विश्वासाने आज बडोद्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या संस्थांना हे काम करता येईल. आपल्याकडे मराठी मंडळं आहेत, माजी विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत, दिवाळीत लाखांच्या देणग्या देणारी उद्योजक घराणी आहेत, न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये स्थिरावलेली मराठी आणि गुजराती कुटुंबं आहेत. समाजकार्य किंवा स्त्री अभ्यास शिकणाऱ्या, घरची ऐपत नसलेल्या एका मुलीला दर वर्षी सहा महिन्यांसाठी पाठवायचं. दलित, आदिवासी, मुस्लिम आणि भटक्या समाजातल्या मुलींचा आधी विचार करायचा. त्यात जाण्या-येण्याचं तिकीट, व्हिसाची फी, आरोग्य विमा, खोलीचं भाडं, आणि मार्चमधल्या न्यूयॉर्कसाठी एक चांगला गरम कोट धरायचा, कारण आयोगाची बैठक थंडी सरण्याआधी असते. शक्य असेल तर पहिले काही आठवडे एखाद्या मराठी घरात तिची राहण्याची सोय व्हावी. परत आल्यावर किमान एक वर्ष इथल्याच एखाद्या संघटनेत तिला पगारावर काम मिळेल हेही आधीच ठरवायचं, म्हणजे १९१७ साली बडोद्यात एका विद्वानावर जी वेळ आली ती कुणावर येणार नाही. पहिल्या मुलीच्या तिकिटासाठी मी माझ्या ओळखीच्या दहा जणांना पत्रं लिहायला घेतली आहेत.